शनिवार तेल्यांचें स्वयंपाकघर

इ. स. १८९१ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं पेलेग्रीनो आर्तुसी नांवाच्या एका वृद्ध गृहस्थानें पाकशास्त्रावरील एक ग्रंथ पदरचे पैसे खर्चून छापविला. हा गृहस्थ आचारी नव्हता. व्यापारांतून निवृत्त झालेला, वाचनाची व खाण्याची सारखीच आवड असलेला असा तो होता. इटली हें एक राष्ट्र म्हणून १८६१ सालीं जन्मास आलें. त्या वेळीं एका प्रांताची बोली दुसऱ्या प्रांतास धड कळत नसे, मग तेथल्या स्वयंपाकाची ओळख कोठली असावयाची? आर्तुसीच्या ग्रंथानें निरनिराळ्या प्रांतांच्या पाककृति एकत्र आणून सोप्या भाषेंत सर्वांच्या हातीं दिल्या, आणि पुढें तो ग्रंथ इटलींत घरोघर गेला.

या ग्रंथांत वांग्याविषयीं लिहितांना आर्तुसीनें एक मौजेची गोष्ट नमूद केली आहे. चाळीस वर्षांपूर्वीं, म्हणजे १८५० च्या सुमारास, फ्लॉरेन्सच्या बाजारांत वांगीं आणि बडिशेपेचे कोंवळे गड्डे क्वचितच दृष्टीस पडत. कारण काय, तर तें यहुद्यांचें खाणें, म्हणून हलकें! एवढें सांगून, चवीच्या बाबतींत यहुद्यांचें नाक आम्हां ख्रिस्त्यांपेक्षां अधिक तीक्ष्ण ठरलें, अशी कबुलीहि तो देतो. आज इटालियन स्वयंपाकांतून वांगें काढावयाचें म्हटलें तर त्या लोकांवर उपासमारीचीच पाळी येईल.

हें वांगें मूळचें आपल्याकडचें. संस्कृतांत त्याला वातिंगण म्हणत. तेंच फारशींत बादिंगान झालें, अरबींत बाधिंजान झालें, आणि अरबांच्या बरोबर भूमध्य समुद्रापर्यंत पोंचलें. सिसिली बेट त्या काळीं स्पेनच्या राजाच्या अंमलाखालीं होतें. १४९२ सालीं स्पेनच्या राजाराणीनें आपल्या राज्यांतील यहुद्यांस हद्दपार केलें, तेव्हां सिसिलींतील यहुदीहि घरेंदारें टाकून उत्तरेकडे गेले. त्यांच्या शिदोरीबरोबर वांग्याच्या कृतीहि उत्तर इटलींत शिरल्या असें मानितात. जे लोक नको होते, त्यांची भाजी तरी कशी हवी असणार?

भाजीवरून माणूस ओळखण्याची ही रीत आम्हां ब्राह्मण कुटुंबांस अपरिचित नाहीं. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, नागपुरांतील आमच्या घरांत कांद्याची भजीं व वांग्याचें भरीत यथेच्छ होतें, आणि एकादशीपासून चार महिने तीं दोन्हीं हद्दपार होतात. निदान आमच्या वडील पिढीपर्यंत तरी होत असत. अमुक खाणारे ते आपले, तमुक खाणारे ते परके, हा हिशेब प्रत्येक समाजानें आपल्या चुलीजवळ लिहून ठेविलेला असतो. तो वाचतां आला तर बखरींत व ताम्रपटांत न सांपडणारा पुष्कळसा इतिहास हातीं लागतो. इटलींतील यहुद्यांविषयीं हें काम तिकडील विद्वानांनीं केलें आहे. परंतु आपल्याच महाराष्ट्रांत, आपलीच भाषा बोलणारे, आडनांवापुढें ‘कर’ लावणारे आणि आपल्यासारखीच पुरणपोळी करणारे यहुदी अनेक शतकें राहिले, त्यांच्या चुलीचा इतिहास आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे?

हे लोक म्हणजे कोंकणांतील बेने इस्राएल. त्यांची परंपरा अशी सांगते कीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेच्या उत्तरेस किहिमजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. कालांतरानें हिब्रू भाषाहि विसरली गेली. एकच प्रार्थना काय ती तोंडीं राहिली. पोटासाठीं ते तेलाचे घाणे चालवूं लागले आणि गांवोगांव पसरले. त्या त्या गांवावरून ते किहिमकर, नवगांवकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर झाले. बाकी सगळें शेजाऱ्यांसारखें, परंतु शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. म्हणून कुलाबा जिल्ह्यांत त्यांना ‘शनिवार तेली’ असें नांव पडलें. आपण कां थांबतों हें त्यांस शास्त्राधारानें सांगतां येत नव्हतें. बाप थांबत असे, आजा थांबत असे, म्हणून बैल सोडावयाचे, एवढेंच.

अशा या लोकांची गांठ पुढें कोचीनच्या एका विद्वान् यहुद्याशीं पडली. त्याचें नांव डेव्हिड रहाबी. तो केव्हां आला याविषयीं मतभेद आहेत. कोणी त्याला हजार वर्षें मागें नेतात, कोणी अठराव्या शतकांत आणतात. गोष्ट मात्र सर्वत्र एकच सांगतात. हे लोक आपल्या धर्माचे असावेत असा त्याला संशय आला. पण विचारणार काय? ग्रंथ नाहीं, भाषा नाहीं, उपाध्याय नाहीं. तेव्हां त्यानें घरांतील स्त्रियांपुढें निरनिराळ्या जातींचे मासे आणून ठेविले व स्वयंपाक करण्यास सांगितलें. त्या बायकांनीं खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूस सारले. आमच्या घरांत हे शिजत नाहींत, असें त्या म्हणाल्या. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. रहाबीनें मग त्यांतील तिघांस धर्मविधि शिकविले व त्यांना काझी नेमिलें.

आमच्या शाकाहारी वाचकांनीं माशांचा उल्लेख इतिहास म्हणून सहन करावा. कारण या कथेचें मर्म माशांत नाहीं. ती अक्षरशः घडली असेल वा नसेल, परंतु आपली ओळख कशावरून पटली असें त्या समाजास वाटत आलें तें तिच्यांतून स्पष्ट दिसतें. पुरुषांची परीक्षा घेतली असती तर ते सारे नापास झाले असते. ज्या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हणत नव्हतें, तेंच अखेर साक्षीला उभें राहिलें. आपल्याकडे सोंवळें-ओंवळें, कुळाचार, कुळधर्म यांची माहिती बहुधा घरांतील वडील स्त्रीलाच असते आणि पुरुष मंडळी ऐन वेळीं ‘आईला विचारून सांगतों’ म्हणून मोकळी होतात. तिकडे तरी काय निराळें होतें?

या समाजाचे जुने सण हाइम सॅम्युएल किहिमकर या त्यांच्यांतीलच गृहस्थानें नोंदवून ठेविले आहेत. त्यानें आपल्या समाजाचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला. तो त्याच्या पश्चात् १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. त्यांतील सणांचीं नांवें वाचतांना आपण यहुद्यांविषयीं वाचीत आहों हें क्षणभर विसरावयास होतें. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकण्याचा सण, बिरड्याचा रोजा! हिब्रू नांवें विसरल्यावर लोकांनीं सणांना घरांतलीं नांवें दिलीं, आणि त्यांतील कित्येक तर सरळ चुलीवरचीं.

आता पंचांगाची एक गंमत पाहा. यहुद्यांचें वर्ष आपल्यासारखेंच चांद्र-सौर असतें. महिना अमावास्येनंतर सुरू होतो आणि मेळ घालण्यासाठीं त्यांच्याकडेहि अधिक मास धरितात. त्यामुळें दोन्ही पंचांगें एकमेकांच्या हातांत हात घालून चालतात. क्वचित् अधिक मासाचा मेळ बसला नाहीं म्हणजे एका महिन्याचें अंतर पडतें. इ. स. २०२४ हें वर्ष घ्या. त्यांचा वर्षारंभ, म्हणजे नव्याचा सण, ३ ऑक्टोबर रोजीं आला. आपली घटस्थापना त्याच दिवशीं होती. त्यांचा पुरीम सण २४ मार्चला आला आणि त्याच संध्याकाळीं आपली होळी पेटली. या सणाला ते ‘होळीचा सण’ कां म्हणूं लागले हें निराळें सांगावयास नको. त्या दिवशीं त्यांच्या घरींहि पुरणपोळीच होते. त्यांचा वल्हांडण सण २३ एप्रिलला, तर आपली हनुमान जयंतीहि त्याच दिवशीं.

याच वर्षीं १२ ऑक्टोबरला आपली विजयादशमी आणि त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर हीं एकत्र आलीं. नागपुरांत विजयादशमीला घरांत कोणी राहत नाहीं. सोनें लुटावयास सारें गांव बाहेर पडतें, आणि १९५६ पासून तर दीक्षाभूमीवर देशभरांतून लक्षावधि माणसें लोटतात. आणि त्याच दिवशीं कोंकणांतील या यहुद्यांच्या घरांचीं दारें बंद असत! पांढरीं वस्त्रें नेसावयाचीं, अन्नपाणी वर्ज्य करावयाचें, परक्याशीं बोलावयाचें नाहीं, उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं. म्हणून हा दारफाळणीचा, म्हणजे दारें लावून घेण्याचा सण. दुसऱ्या दिवशीं शिळा सण. त्या दिवशीं दारें उघडीत, गरिबांना दानधर्म करीत, आप्तेष्टांच्या भेटी घेत. शेजारच्या घरीं आपट्याचीं पानें वाटलीं जात असतांना एक कुटुंब दार लावून उपाशी बसलें आहे आणि त्याबद्दल कोणीहि त्याला जाब विचारीत नाहीं, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मराठी मुलुखाविषयीं अभिमान वाटावा अशा ज्या कांहीं थोड्या गोष्टी आहेत, त्यांत आम्ही हिची गणना करितों.

बिरड्याचा रोजा हा शोकाचा उपवास. यरुशलेम येथील मंदिराचा दोन वेळां विध्वंस झाला, पहिल्यानें बाबिलोनच्या लोकांच्या हातून व नंतर इ. स. ७० मध्यें रोमनांच्या हातून. त्याच्या स्मरणार्थ जगांतील यहुदी आपल्या आव महिन्याच्या नवमीस उपास करितात. २०२४ सालीं ही तिथि नागपंचमीनंतर चार दिवसांनीं आली. शोकाच्या प्रसंगीं मसुरेसारखीं गोल कडधान्यें खाण्याची यहुद्यांची फार जुनी चाल आहे. कोंकणांत श्रावणाच्या दिवसांत घरोघर वाल भिजत घातलेले, मोड आलेले, सोललेले असतात. तेव्हां उपास सोडावयास वालाचें बिरडें आलें, आणि मंदिराचें नांव विसरलें तरी बिरड्याचें राहिलें. हजारों कोसांवर कोसळलेल्या देवळाचा शोक नारळ-गुळाच्या आमटींतून उतरत आला, हें वाचून प्रथम हसूं येतें. नंतर तें येत नाहीं.

वल्हांडणाचें जुनें नांव तर कोड्यासारखें आहे. अनाशी ढाकणें म्हणजे आंबट रसाचें भांडें झांकून ठेवणें. त्या सणांत यहुद्यांनीं आंबवलेली भाकर खावयाची नाहीं, इतकेंच नव्हे तर घरांत आंबवण ठेवावयाचें नाहीं, अशी शास्त्राज्ञा आहे. परंतु कोंकणांत आंबवलेली भाकर होती कोठें? तांदळाची भाकरी रोजचीच बिनआंबवणाची. नियम पाळावयाचा, पण ज्या वस्तूचा नियम ती वस्तूच देशांत नाहीं! आम्हांस असें वाटतें कीं, या पेंचांतून बायकांनीं आपल्या परीनें वाट काढली. घरांत आंबट म्हणून जें कांहीं होतें त्याचें तोंड बांधलें आणि त्यावरूनच सणाला नांव दिलें. याच सणाची पोथी १८७४ सालीं पुणें येथें विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत हिब्रू व मराठी अशी दोन भाषांत छापली. तिच्यांतील चित्रांत नऊवारी लुगडीं नेसलेल्या स्त्रिया सणाच्या बिनआंबवणाच्या पोळ्या करीत बसल्या आहेत. यहुद्यांची पोथी, आणि छापखाना अग्निहोत्र्यांचा! त्या काळच्या पुण्याविषयीं आपल्या ज्या कल्पना आहेत, त्यांत याला जागा करून द्यावी लागेल.

दुधाचा नियम याहून रोजचा. करडाला त्याच्या आईच्या दुधांत शिजवूं नये, असें बायबलांत तीन ठिकाणीं सांगितलें आहे. त्यावरून मांस व दूधदुभतें एका जेवणांत येऊं न देण्याचा कडक प्रघात पडला. जगभरच्या यहुदी गृहिणींस या नियमानें विचार करावयास लाविलें आहे. इटलींतील गृहिणींनीं लोण्याच्या व डुकराच्या चरबीच्या जागीं ऑलिव्हचें तेल घेतलें, आणि डुकराऐवजीं हंसाचें मांस खारवून ठेविलें. पोपच्या हुकुमानें १५५५ सालीं रोम शहरांतील यहुद्यांस एका कोंदट मोहल्ल्यांत कोंडण्यांत आलें. १८७० पर्यंत ही कोंडी सुटली नाहीं. त्या कोंडवाड्यांत आर्टिचोक नांवाच्या कांटेरी झाडाची कळी तेलांत तळून फुलासारखी उमलविण्याची युक्ति निघाली. आज रोमला जाणारा प्रवासी तें पक्वान्न ‘यहुदी तऱ्हेचें’ म्हणून मुद्दाम मागून खातो.

कोंकणांतील गृहिणीला मात्र उत्तर शोधावें लागलें नाहीं. तें परसांतच उभें होतें. नारळाचें दूध दिसावयास दूध, चवीला दूध, आणि शास्त्राला नारळ! सामिष जेवणानंतरची खीर, हलवा, आमटी, सारें त्यांत होऊं लागलें. नागपूरकडे ओला नारळ देवापुढें फोडण्यापुरता आणि स्वयंपाकांत मुख्यतः सुकें खोबरें. गलबत आमच्या कन्हान नदीला लागलें असतें तर त्या बायकांनीं काय केलें असतें, असा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. बहुधा खसखस वाटली असती.

तेलाचा आणखी एक योगायोग. यहुद्यांचा हनुक्का नांवाचा सण तेलाचाच. मंदिरांतील दीप एका दिवसाच्या तेलावर आठ दिवस जळला, त्याचें स्मरण म्हणून दिवे लावितात व तळलेले पदार्थ खातात. आणि पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या या लोकांस हाच सण ठाऊक नव्हता! तो सुरू होण्यापूर्वींच आपले पूर्वज निघाले असले पाहिजेत, असा युक्तिवाद त्यांच्यांतील जुने लोक यावरून करीत. पुढें बाहेरच्या यहुद्यांकडून त्यांनीं तोहि घेतला.

उलट, जगांत इतरत्र नाहीं असा एक विधि त्यांनीं जपला आहे, तो मलिद्याचा. मलिदा म्हटला कीं विदर्भांतील वाचकांस गूळ व तूप घालून कुस्करलेली पोळी आठवेल, कोणाला दर्ग्यावरचा प्रसाद आठवेल. शब्द फारशी, आणि त्याचा अर्थच मुळीं कुस्करलेलें असा. बेने इस्राएलांचा मलिदा पोह्यांचा असतो. भिजविलेल्या पोह्यांत ओलें खोबरें, साखर, वेलदोडा, बदाम-पिस्ते घालतात, भोंवतीं फळें मांडतात आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचें स्मरण करून तो वाटतात. नवस फेडतांना, लग्नाआधीं, घरांत कांहीं शुभ घडलें म्हणजे मलिदा ठरलेला. अलिबागेजवळ खंडाळें गांवीं एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू आपल्या रथांतून स्वर्गास गेला तेव्हां येथें टेंकला होता अशी तेथील श्रद्धा. अग्निरथ पॅलेस्टाइनचा आणि पोहे कोंकणचे. देवानें यांत कांहीं हरकत घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.

येथवरचें सारें गोड झालें. परंतु चूल माणसें जोडते तशी तोडतेहि, आणि तेंहि सांगितलें पाहिजे. बेने इस्राएलांत गोरे व काळे असे दोन तट होते. काळे म्हणजे बाहेरच्या स्त्रियांपासून झालेली संतति, असें गोरे म्हणत. त्यांच्याशीं बेटीव्यवहार नाहीं, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांना त्यांचा हात लागूं द्यावयाचा नाहीं. हा विटाळ त्यांनीं मोझेसच्या शास्त्रांतून खास आणिला नव्हता. तो कोणाच्या घरीं पाहून शिकले हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. त्यांच्यांतील पुष्कळ लोक शेजाऱ्यांप्रमाणें गोमांस वर्ज्य मानीत व विधवाविवाहास प्रतिकूल असत. शेजारधर्म असा दोन्ही अंगांनीं वाढतो.

पुढें काळानें एक विलक्षण उलटापालट केली. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, तेव्हां हिंदुस्थानांत या समाजाची लोकसंख्या सुमारें वीस हजार होती. त्यांतील बहुतेक कुटुंबें पुढील दोनतीन दशकांत तिकडे गेलीं. त्यांना येथून कोणी हांकललें नव्हतें. परंतु ज्या भूमीकडे तोंड करून पिढ्यान् पिढ्या प्रार्थना केली, तेथें १९६२ सालीं मुख्य धर्मगुरूंच्या पीठानें फर्मान काढलें कीं, बेने इस्राएलांशीं विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची कसून चौकशी करावी. ते शुद्ध यहुदी असल्याबद्दल शंका आहे. घरांतील भांड्यांना हात लावूं न देण्याचें दुःख काय असतें तें गोऱ्यांनाहि आतां कळलें. ते सारे रस्त्यावर आले, धरणें धरून बसले, आणि अखेर १९६४ सालीं ते सर्वतोपरी यहुदी आहेत असें तेथील सरकारला जाहीर करावें लागलें. रहाबीला हा निवाडा एका टोपलीभर माशांवरून करतां आला होता. दोन वर्षें वाद घालणाऱ्या पंडितांपैकीं एखाद्यानें त्यांच्या स्वयंपाकघरांत डोकावून पाहिलें असतें, तरी बरेचसें काम भागलें असतें.

आज साऱ्या भारतांत सर्व प्रकारचे मिळून चार-पांच हजार यहुदी उरले आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अलिबागेंत इस्राएल आळी आहे, तींत माघेन आबोथ हें प्रार्थनामंदिर उभें आहे. परंतु आळींतील चुली बहुतेक थंडावल्या. अहमदाबादच्या बेने इस्राएल लेखिका एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या इंग्रजी कादंबरीस २०१० चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुलेंबाळें इस्राएलास गेल्यावर कोंकणांतील एका गांवीं ओसाड प्रार्थनामंदिर सांभाळीत राहिलेली एक विधवा तिची नायिका आहे, आणि तींतील प्रत्येक प्रकरणाचा आरंभ एका पाककृतीनें होतो. लेखिकेनें हें केवळ नटवेपणासाठीं केलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मंदिराची किल्ली एखाद्याच्या हवालीं करतां येते. बिरड्याला मोड केव्हां आले म्हणजे पुरे, हें हवालीं करावयाला शेजारीं उभी राहणारी मुलगी लागते.

इटलींतहि अशी एक बाई होऊन गेली. टस्कनी प्रांतांत पितिल्यानो नांवाचें डोंगरमाथ्यावरचें गांव आहे. यहुद्यांच्या वस्तीमुळें त्याला ‘धाकटें यरुशलेम’ म्हणत. सतराव्या शतकांत सरकारी अंमलदारांनीं दारांवर सोटे हाणून तेथील यहुद्यांस घरांबाहेर काढलें व एका मोहल्ल्यांत कोंबलें. पुढें त्यांच्या वंशजांनीं त्या सोट्याच्या आकाराची, आंत मध व अक्रोड भरलेली एक मिठाई काढली आणि तिला नांव दिलें ‘स्फ्रात्तो’, म्हणजे हकालपट्टी. दुसऱ्या महायुद्धांत ती वस्ती उधळली. त्या गांवची एड्डा सर्वी ही मुलगी १९४३-४४ मध्यें रानावनांत लपून वांचली, पुढें अमेरिकेस गेली, आणि एड्डा सर्वी माखलिन या नांवानें १९८१ सालीं तिनें इटालियन यहुद्यांच्या पाककृतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गांवांत आज यहुदी जवळजवळ नाहींत, पण स्फ्रात्तो तेथील हलवायांच्या दुकानीं मिळतो.

इस्राएलांत दिमोना, अश्दोद, लोद या गांवीं स्थायिक झालेल्या आपल्या या मराठी भगिनींनीं मलिदा सोडलेला नाहीं, आणि ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकहि तेथून निघालें. तथापि एक पदार्थ मात्र इकडे काय, तिकडे काय, दुर्मिळ होत चालला आहे, तो नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा. गव्हाचा चीक काढावयास वेळ कोणाला आहे? म्हणून कोणी मक्याचें सत्त्व घेतात, कोणी चायना ग्रास. परंतु नागपूर-विदर्भांत उन्हाळ्यांत घरोघर कुरडयांसाठीं चीक अजून निघतो, आणि तो शिजत असतां वाटीवाटीनें खाणारी मुलें भोंवतीं घोटाळत असतात. तेव्हां जी कृति अलिबागेस जड जाते ती आमच्या वाचक-भगिनींस सहज जमण्यासारखी आहे, म्हणून येथें देतों.

चांगले गहूं तीन दिवस भिजत ठेवावे. पाणी रोज बदलावें. चौथ्या दिवशीं वाटून, पाणी घालून पिळून घ्यावे व फडक्यांतून गाळावे. गाळलेलें पाणी रात्रभर न हालवतां ठेवावें आणि सकाळीं वरचें निवळ ओतून टाकून तळाचा पांढरा चीक घ्यावा. एक वाटी चिकास नारळाचें दाट दूध चार वाट्या, साखर दीड वाटी व चिमूटभर मीठ. सर्व गार असतांनाच गांठी मोडून एकजीव करावें, मग मंद विस्तवावर ठेवून ढवळीत राहावें. प्रथम गांठी होतात. भिऊन हात थांबवूं नये. घट्ट होऊन कडेनें सुटूं लागलें व खोबरेल थोडें वर आलें म्हणजे वेलदोडा आणि जायफळ घालावें. याला तासाहून अधिक वेळ लागतो व हात भरून येतात, तेव्हां जावांनीं आळीपाळीनें ढवळणें बरें. ताटाला तूप लावूं नये, खोबरेलाचाच हात फिरवावा. वर बदामाचे काप पेरून गार होऊं द्यावें आणि दुसऱ्या दिवशीं वड्या पाडाव्या.